मागच्या चौकीचा निरोप

वहिनींच्या दारावर पाटी होती ती एवढीच : 'चौकशीची कामे घेतली जातील.' कसली चौकशी, कोण करणार, किती दिवसांत, यातलं तिच्यावर काही नव्हतं. असल्या पाटीवर विसंबून जिना चढणारा माणूस एक तर पुरता अडलेला असतो नाहीतर पत्ता चुकलेला, असं भाऊजींचं मत होतं.

गुरुवारी सकाळी आलेली बाई अडलेली होती. वय चाळिशीचं, अंगावर नर्सचा पांढरा पोशाख, कामावरून थेट आलेली. ती खुर्चीच्या कडेवर टेकली आणि पिशवीतून एक लिफाफा काढून दोन्ही हातांत धरून राहिली.

"माझ्या वडिलांचं नाव दगडावर कोरायचंय," ती म्हणाली. "परवा, शनिवारी, पाथरवट कामाला बसणार. आणि काल कळलं, की त्यांचं पानच कुणीतरी कापून नेलंय."

भाऊजींनी वहिनींकडे पाहिलं. वहिनी चष्मा पुसत होत्या. विमा कंपनीत बावीस वर्षं त्यांनी लोकांचे दावे तपासले होते. जळालेलं दुकान आणि जाळलेलं दुकान यांतला फरक त्यांना दारातूनच कळतो, असा त्यांचा लौकिक होता. भाऊजी त्यांचे धाकटे दीर, बसमधली कंडक्टरकी संपवून निवृत्त झालेले. थोरला भाऊ गेल्यापासून ते वहिनींच्या कामात मदत करत. मदत म्हणजे चहा ठेवणं, पत्ते शोधणं आणि चुकीचे अंदाज बांधणं, आणि तिन्ही कामं ते मनापासून करत.

"सुरुवातीपासून सांगा," वहिनी म्हणाल्या.

नर्सबाईने सांगितलं ते असं. चाळीस वर्षांपूर्वीच्या महायुद्धात तिचे वडील खेचरांच्या तुकडीत नाईक होते. ही तुकडी पायदळाच्या एका दळाबरोबर जंगलातून शत्रूच्या पिछाडीला शिरली. तीन महिने त्यांनी पूल उडवले, रस्ते तोडले. मग माघारीचा हुकूम आला. ज्या पहाटे दळ नदी उतरत होतं, त्या पहाटे मागच्या चौकीवर नाईक एकटा होता. वायरलेस चालवणारा शिपाई आदल्या संध्याकाळी गोळी लागून पडला होता. नाईकाजवळ उरलं होतं एक खेचर आणि त्याच्या पाठीवरची वायरलेसची पेटी. नाईक पुन्हा कुणाला दिसलाच नाही. पुढे मुख्य तळावर चौकशी झाली, एका साक्षीदाराने जबानी दिली, आणि निकाल लागला : नाईक वायरलेससकट शत्रूला जाऊन मिळाला.

"तेव्हा मी आईच्या पोटात होते," नर्सबाई म्हणाली. "आईला कुणी दारात उभं केलं नाही. मी शाळेत गेले तीसुद्धा फितुराची मुलगी म्हणून. आई अजून आहे. तिला दुसरं काही नकोय, त्या दगडावर एकदा हात फिरवायचाय. डॉक्टर म्हणतात, हे वर्ष निघालं तर नशीब."

दगड म्हणजे त्या दळात पडलेल्यांचा स्मृतिस्तंभ. तो माजी सैनिकांची संघटना उभारत होती. नाईकाचं नाव यादीत अर्थातच नव्हतं. पण गेल्या महिन्यात दोन गोष्टी घडल्या. दळातले एक अधिकारी, ज्यांना सगळे दुय्यम साहेब म्हणत, स्वतःपुरती रोजची डायरी लिहीत. माघारीतच दोन दिवसांनी ते गेले, आणि डायरी सामानाबरोबर घरी येऊन माळ्यावर पडली. ती त्यांच्या पुतण्याने संघटनेला आणून दिली. आणि वर्षानुवर्षं अर्ज करून करून नर्सबाईला अखेर त्या जबानीची नक्कल मिळाली. साक्षीदाराच्या नावावर मात्र काळी शाई फासलेली होती.

सोमवारी ती नक्कल घेऊन संघटनेत गेली. तिथे तिघे होते. अध्यक्ष, म्हणजे कप्तानसाहेब, चिटणीस, आणि खोली सांभाळणारा म्हातारा नालबंद. तिघेही त्या दळातले. कप्तानसाहेबांनी तिच्यासमोर डायरी उघडून त्या तारखेचं पान काढलं. दोन्ही बाजूंनी बारीक अक्षरात भरलेलं पान तिने डोळ्यांनी पाहिलं. पण समितीने वाचल्याशिवाय बाहेरच्याला वाचू देता येत नाही, असं म्हणून त्यांनी डायरी कपाटात टाकली. कपाटाच्या किल्ल्या तीन, तिघांकडे एकेक. काल, बुधवारी, समिती बसली, कपाट उघडलं, आणि ते पान पात्याने मुळापासून कापलेलं निघालं.

"कप्तानसाहेब म्हणाले, पान नाही तर पुरावा नाही, आणि पुरावा नाही तर नाव नाही."

वहिनींनी लिफाफा मागून घेतला आणि जबानी मोठ्याने वाचली :

'धुके इतके दाट होते की स्वतःचा हात दिसत नव्हता. परत फिरण्याचा निरोप घेऊन मी मागच्या चौकीवर पोहोचलो तेव्हा चौकी रिकामी होती. खेचर ओरडत असल्याचा आवाज मात्र येत होता. सोबतच्या जनावरांपासून तोडले की खेचर जसे ओरडते, तसे ते ओरडत होते. तो आवाज शत्रूच्या बाजूला दूर दूर जात होता. त्यावरून नाईक पेटीसह तिकडे गेला अशी माझी खात्री झाली.'

"म्हणजे निरोप घेऊन गेला तोच साक्षीदार," वहिनी म्हणाल्या. "आणि निरोप घेऊन कोण गेलं, ते दुय्यम साहेबांनी त्या दिवशी लिहिलं असणार. पान कापणाऱ्याला ते नाव झाकायचंय. जबानी खरी असती तर त्याने ते पान फ्रेम करून भिंतीला लावलं असतं."

"नालबंद," भाऊजी म्हणाले. "खेचर केव्हा ओरडतं आणि कसं ओरडतं, हे दुसऱ्या कुणाला ठाऊक?"

"भाऊजी, अजून चहासुद्धा झालेला नाही."

भाऊजी चहा ठेवायला उठले, पण मत बदललं नाही.

शुक्रवारी सकाळी दोघं संघटनेत गेली. खाली सायकल दुरुस्तीचं दुकान, वर एक लांब खोली. खोलीत लोखंडी कपाट, एक झिजलेलं खोगीर आणि भिंतभर फोटो. भाऊजींना पाऊल ठेवताच वाटलं, की इथे सगळे आपल्याकडे पाहतायत, फोटोतलेसुद्धा.

एका फोटोपुढे वहिनी थबकल्या. गवतावर आठ-दहा खेचरं आडवी पडलेली. प्रत्येकाच्या गळ्याखाली केस भादरून काढलेला चौकोन, त्यावर पांढरी पट्टी. अ‍ॅप्रन घातलेला एक माणूस वाकलेला, आणि अर्ध्या चड्डीतला एक तरुण अधिकारी एका खेचराचं डोकं मांडीवर धरून बसलेला. खाली लिहिलं होतं : 'निघण्यापूर्वी. सत्तरपैकी सत्तर पूर्ण.'

"मेलेली दिसतायत," भाऊजी कुजबुजले.

"मेलेल्यांचं डोकं कुणी मांडीवर घेत नाही," वहिनी म्हणाल्या.

कप्तानसाहेब काठी टेकत आले. ताठ, लालबुंद, आणि बायकांनी प्रश्न विचारायची सवय नसलेले. त्यांनी आधीच सांगून टाकलं, की मुलीबद्दल त्यांना वाईट वाटतं, पण कीव करून दगडावर नावं कोरली जात नाहीत. त्या पहाटे कुठे होता, असं विचारल्यावर मांडीवर काठी आपटून म्हणाले, इथे गोळी होती, स्ट्रेचरवर होतो, तापात बरळत होतो. स्ट्रेचर उचलणारे दोघेही आता नाहीत.

"ही जबानी तुम्ही वाचली?"

"निकाल वाचला, तेवढं पुरे. चाळीस वर्षं तोच ऐकत आलोय. जबान्यांचा कीस काढायला मी काय वकील आहे?"

भाऊजींनी मनातल्या मनात एक फुली मारली. ज्याला कागद वाचायचा नाही, त्याला कागदात काय आहे ते आधीच ठाऊक असतं, असा त्यांचा बसमधला अनुभव होता. बिनतिकीट प्रवासी कधी पाटी वाचत नाही.

"फोटोत डोकं धरून बसलेत ते तुम्हीच ना?" वहिनींनी विचारलं.

"हो. पशुवैद्याचं काम चाललं होतं." एवढं बोलून ते खिडकीकडे वळले, आणि त्या विषयावर पुढे एक अक्षर बोलले नाहीत.

नालबंद मागच्या लहान खोलीत राहायचा. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, हात मात्र अजून लोहाराचे. नाईकाचं नाव काढताच तो भरभरून बोलू लागला. नाईक स्वतः पाणी प्यायच्या आधी खेचराला पाजायचा, असा माणूस फितूर होत नसतो, हे त्याने तीन वेळा सांगितलं. जंगलातल्या गोष्टीही निघाल्या. एकदा सगळं दळ बांबूच्या बेटात दडून बसलं होतं आणि शत्रूची गस्त पन्नास पावलांवरून गेली, तरी त्यांना पत्ता लागला नाही.

"सत्तर खेचरांसकट?" वहिनींनी विचारलं.

"सत्तर खेचरांसकट."

मग वहिनींनी त्या फोटोबद्दल विचारलं आणि म्हाताऱ्याचं तोंड मिटलं. "ते सोडा," तो म्हणाला. "ते पाप आहे आमच्या माथी. आम्ही आपसातसुद्धा त्याबद्दल बोलत नाही."

भाऊजींनी दुसरी फुली मारली, पहिलीपेक्षा ठळक. त्या पहाटे नालबंद नदीपलीकडे खेचरं उतरवून घेत होता म्हणे. साक्षीला कुणी उरलेलं नाही, हे त्याने न विचारताच सांगून टाकलं.

"मुलीने आणलेल्या कागदात काय आहे, ठाऊक आहे तुम्हाला?"

"मला अक्षर येत नाही. सोमवारी मुलगी साहेबांशी बोलत होती, तेव्हा चिटणीसांनी मला बाजूला बसवून वाचून दाखवला. धुकं होतं म्हणे, चौकी रिकामी होती म्हणे, नाईक शत्रूकडे गेला अशी खात्री झाली म्हणे."

"आणखी काही?"

"एवढंच. डोळे गेलेत माझे बाई, कान शाबूत आहेत."

चिटणीसांनी मात्र भाऊजींचं मन पहिल्या मिनिटात जिंकलं. खुर्ची पुसून दिली, पंखा त्यांच्याकडे वळवला, पाणी आणलं. मृदू बोलणं, टेबलावर फायली काटकोनात. नर्सबाईचं ऐकल्यापासून आपल्याला झोप नाही, असं ते म्हणाले, आणि डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांवरून ते खरंच वाटत होतं.

"मी काय, शेवटच्या पाच दिवसांचा पाहुणा," ते म्हणाले. "दळातला कारकून आजारी पडला. जंगलातल्या धावपट्टीवर एक छोटं विमान त्याला न्यायला आलं, त्यातूनच मला उतरवलं. त्या पहाटे मी नदीकाठी कागद जाळत होतो. इतिहास या दोघांचा. मी फक्त यांच्या सभांची इतिवृत्तं लिहितो."

"पाच दिवसांत खेचरांना बिचकला नाहीत?"

"छे. वडिलांची वीटभट्टी होती. दारात चार खेचरं असायची. त्यांच्या आवाजानेच आमची सकाळ व्हायची."

परतताना भाऊजी जोरात होते. कप्तान किंवा नालबंद, त्यातही नालबंद. खेचरांची सवय ठाऊक, फोटोचं नाव काढताच तोंडाला कुलूप, साक्षीला कुणी नाही, आणि कपाटाच्या शेजारीच मुक्काम. काखेत कळसा असताना गावाला वळसा कशाला?

"आपल्याला वळसाच घालायचाय," वहिनी म्हणाल्या. "जनावरांच्या दवाखान्यात."

तिथे त्या आत गेल्या आणि भाऊजी बाहेर एका बैलाशेजारी वीस मिनिटं उभे राहिले. घरी पोहोचेपर्यंत त्या एवढंच म्हणाल्या, की माणूस ज्या गोष्टीत तरबेज असतो तिथेच तो बेसावध असतो. भाऊजींनी हे आपल्यालाच उद्देशून आहे असं समजून थोडा राग धरला.

शनिवारी दहा वाजता सगळे संघटनेच्या खोलीत जमले. खाली हातगाडीवर पाथरवटाची हत्यारं उतरत होती. नर्सबाई भिंतीशी उभी होती. बस म्हटलं तरी ती बसली नाही.

कप्तानसाहेबांनी घड्याळ पाहिलं. "पान सापडलं का, एवढंच सांगा."

"आधी एक वाचन," वहिनी म्हणाल्या. "चाळीस वर्षांत ही जबानी तुम्हा तिघांसमोर मिळून एकदाही पूर्ण वाचली गेलेली नाही. भाऊजी, तुम्ही वाचा. बसच्या शेवटच्या बाकापर्यंत पोहोचेल अशी."

भाऊजी घसा साफ करून वाचू लागले. धुकं झालं, रिकामी चौकी झाली. 'खेचर ओरडत असल्याचा आवाज मात्र येत होता' हे वाक्य संपलं आणि नालबंदाने मान वर केली.

"थांबा. काय ओरडत होतं?"

"खेचर," भाऊजी म्हणाले. "सोबतच्या जनावरांपासून तोडले की खेचर जसे ओरडते, तसे..."

"कुणाचं खेचर?"

कप्तानसाहेबांचा लाल चेहरा बघता बघता पांढरा पडला.

"आमची खेचरं ओरडत नव्हती," ते म्हणाले. "एकसुद्धा नाही."

"सत्तरपैकी सत्तर," वहिनी म्हणाल्या. "तुमच्या भिंतीवर लिहिलंय. मी काल पशुवैद्यांना जाऊन विचारलं, की गळ्याखाली भादरून, टाके घालून, निरोगी खेचरांवर घाऊक शस्त्रक्रिया कसली करतात. म्हणाले, जुन्या पुस्तकांत वाचलंय, लढाईत जंगलात न्यायच्या खेचरांचे स्वरतंतू काढून टाकत. खेचराचा आवाज मैलभर जातो, तो शत्रूला कळू नये म्हणून. मग गस्त पन्नास पावलांवरून गेली तरी सत्तर जनावरांचा पत्ता का लागला नाही, ते माझ्या लक्षात आलं."

"मी डोकं धरायचो," कप्तानसाहेब पुटपुटले. "शुद्धीवर आल्यावर ती तोंड उघडायची आणि नुसती हवा यायची."

नालबंदाने डोळे पुसले. "म्हणूनच आम्ही बोलत नाही, बाई. मुकं जनावर म्हणतात, ते आम्ही खरोखरीच मुकं केलं."

"भाऊजी म्हणाले, ही जबानी खेचरं ओळखणाऱ्याची आहे. बरोबर म्हणाले," वहिनी पुढे बोलू लागल्या. भाऊजी सावरून बसले. "पण ती दुसरीकडची खेचरं ओळखणाऱ्याची आहे. या तुकडीतला माणूस झोपेतसुद्धा असं म्हणणार नाही. नालबंदांनी हीच जनावरं तीन महिने हाताळली. कप्तानसाहेबांनी स्वतः त्यांची डोकी धरली, फोटो आहे. हे दोघे खोटं बोलले असते तर दुसरं काहीतरी बोलले असते. साक्षीदार तोच, जो निघताना तळावर नव्हता आणि मागाहून आला. पाच दिवस खेचरांमध्ये वावरला, पण ती ओरडत नाहीत हे त्याच्या ध्यानात आलं नाही. जे ऐकू येत नाही त्याची नोंद कोण ठेवतो? आणि त्याला विचारलं गेलं, धुक्यात काही दिसत नव्हतं तर नाईक कुठे गेला ते कळलं कसं? तेव्हा त्याने घरच्या भट्टीवरची खेचरं आठवून उत्तर दिलं."

चिटणीस फायलीची कड सरळ करत होते. "तर्क उत्तम आहे," ते हळूच म्हणाले. "पण माझ्यानंतर आणखी कुणी आलं असेल. मेलेल्यांतही कुणी असेल."

"असेल. पण मेलेला माणूस पान कापत नाही. आणि सोमवारी नालबंदांना जबानी वाचून दाखवताना खेचराच्या ओळी कुणी गाळल्या? धुकं वाचलंत, रिकामी चौकी वाचलीत, शेवटची खात्रीही वाचलीत. मधल्या नेमक्या तीन ओळी तेवढ्या राहिल्या. पुढे चाळीस वर्षं यांच्या सभांना बसून बसून तुम्हाला कधीतरी कळलं, की ती खेचरं मुकी होती. तेव्हापासून तुम्हाला ठाऊक होतं, की हा कागद ज्या दिवशी यांच्यातल्या कुणाच्या कानावर पडेल त्या दिवशी सगळं संपेल. कप्तानसाहेबांनी तो वाचायला नकार दिला, ही तुमची शेवटची सवलत होती."

कप्तानसाहेब काही म्हणणार होते, पण चिटणीसांनी कोटाच्या आतल्या खिशात हात घातला होता. घडी घातलेलं एक पान त्यांनी टेबलावर ठेवलं. ते ठेवताना त्याची कड टेबलाच्या कडेशी जुळवली, बहुधा सवयीने.

"महिनाभर ती डायरी उघडायची माझी छाती झाली नाही," ते म्हणाले. "सोमवारी साहेबांनी उघडली तेव्हा टेबलापलीकडून, उलट्या अक्षरांतसुद्धा मला माझा उल्लेख दिसला."

कप्तानसाहेबांनी पान उचललं आणि उभ्यानेच वाचलं. आदल्या संध्याकाळची नोंद आधी होती : 'मागच्या चौकीवर नाईक एकटा. हुकूम : निरोप येईपर्यंत चौकी सोडू नये.' मग पहाटेची : 'पाच दहा. परतीचा निरोप घेऊन नवा कारकून रवाना. सहा वाजता कारकून परत. चौकी रिकामी असल्याचे सांगतो. या धुक्यात जाऊन-येऊन तासाच्या आत शक्य नाही. पुन्हा विचारणे.' शेवटच्या दोन शब्दांखाली रेघ होती.

"विचारायला ते उरले नाहीत," वहिनी म्हणाल्या.

कप्तानसाहेबांनी पान खाली ठेवलं. ते नर्सबाईकडे वळले आणि काठी बाजूला सारून तिच्यासमोर ताठ उभे राहिले. "तुमचे वडील हुकमाप्रमाणे थांबले होते," ते म्हणाले. "आम्ही त्यांना बोलावलंच नाही. नाव आज कोरलं जाईल, आणि सगळ्यांत वर." मग ते स्वतः जिन्याच्या तोंडाशी जाऊन पाथरवटाला हाक मारून आले. हे सांगायला त्यांनी दुसऱ्या कुणाला पाठवलं नाही, हे भाऊजींना आवडलं.

भाऊजींना वाटलं, संपलं. त्यांनी चष्म्याचं घर खिशात टाकलं. आता ती बाई चिटणीसांच्या अंगावर धावून जाईल, निदान चार शब्द सुनावील, आणि तसं झालं तर आपण मध्ये पडायचं नाही, हेही त्यांनी ठरवून टाकलं. ज्याने पाणी दिलं म्हणून आपण भाळलो, त्याच्याकडे बघायचीही त्यांना लाज वाटत होती.

नर्सबाई भिंतीपासून हलली आणि चिटणीसांसमोरच्या खुर्चीत बसली.

"किती जवळ गेला होतात?" तिने विचारलं.

"जवळच. शंभर पावलं असतील, कमीच." चिटणीस म्हणाले. "माझ्या पायाखाली काटकी मोडली. पलीकडे शत्रू आहे, असंच मनात भरलं होतं. मी तिथेच बसलो. मग धुक्यातून त्यांनी विचारलं."

"कुणी? वडिलांनी?"

"हो. कोण आहे म्हणून विचारलं. दोनदा. मी उत्तर दिलं नाही. मी मागे पळालो."

"दोनदा तेच विचारलं?"

चिटणीसांनी मान खाली घातली. तिने घाई केली नाही. वॉर्डात रोग्याशेजारी बसतात तशी ती हात मांडीवर ठेवून बसून राहिली.

"पहिल्यांदा जोरात. 'कोण आहे?' दुसऱ्यांदा हळू. वाट चुकलेल्याशी बोलतात तसं." "'कोण आहे रे? भिऊ नको. वाट इकडून आहे.'"

नालबंदाने तोंडावर हात घेतला. वहिनी चष्मा काढून उगाचच पुसत बसल्या, आणि भाऊजींनी आपण रडतोय हे लपवायचा प्रयत्न सोडून दिला.

"आवाज कसा होता त्यांचा?" नर्सबाईने विचारलं. "मी ऐकलेला नाही. आईलाही आता आठवत नाही म्हणते. चेहरा आठवतो, आवाज आठवत नाही."

"भरदार. थोडा बसलेला, पडसं झाल्यासारखा. अजिबात घाबरलेला नव्हता."

"पुन्हा म्हणा. त्यांनी म्हटलं तसं."

चिटणीसांनी म्हटलं. या वेळी आवाज त्यांचा स्वतःचा नव्हता. चाळीस वर्षं ऐकून ऐकून पाठ झालेला, दुसऱ्याचा होता. खोलीतल्या कुणालाही ते सांगावं लागलं नाही.

ती उठली. पिशवी खांद्याला लावली आणि पदराने टिपले असते ते डोळे मनगटाने टिपले, कारण अंगावर पोशाख कामाचा होता.

"चला," ती चिटणीसांना म्हणाली.

"कुठे? पोलिसांकडे?"

"आईकडे. तुम्ही हे तिला सांगायचं. तिला कमी ऐकू येतं, जवळ बसून मोठ्याने म्हणावं लागेल."

चिटणीसांनी मान डोलावली आणि ते वाकून टेबलाखाली आपल्या चपला शोधू लागले.